उलटा हात

सकाळी साडेसहा. शटर वर. संत सेना महाराजांच्या तसबिरीला उदबत्ती लावली की पहिलं काम पाण्याचं. दुकानामागे बोअर आहे, पण त्याचं पाणी जड. त्यात साबण नीट फेसाळत नाही, आणि फेसाशिवाय दाढी म्हणजे गालावर कानस. म्हणून नळाला पाणी येतं तेव्हा दोन कॅन भरून ठेवतो. त्यातलंच तापवून थर्मासात.

सव्वासात. हवालदार काका. ड्युटीमुळे यांची दाढी रोजची. “पाच मिनिटांत उरक रे.” पाचांतली तीन मी गरम टॉवेलवरच घालवतो. ते कुरकुरतात, मी ऐकत नाही. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. कोरड्या खुंटावर पातं चाललं की केस कापण्याआधी ओढला जातो आणि वरची कातडी सोलवटते. नंतर दिवसभर कॉलर लागली की चुरचुरतं, आणि नाव मात्र साबणाचं बद्दू.

नवं पान पाकिटातून काढून त्यांच्यासमोरच मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, एकाच पात्यानं दुसऱ्यापर्यंत जाऊ शकते, म्हणून एका तोंडाला लावलेलं पान दुसऱ्याला लावायचं नाही. शिवाय बोथट पान दाबावं लागतं. दाबलं की सोललं.

नऊ ते दहा. ऑफिसवाले. तिन्ही खुर्च्या भरलेल्या. लिहिण्यासारखं काही नाही.

साडेदहा. कॉलेजचा एक पोरगा, कुरळ्या केसांचा. गळाभर लाल पुटकुळ्या. घरी पाच पात्यांचं रेझर वापरतो म्हणे, अभिमानानं. गळ्यावरून बोटं फिरवली. उजवीकडे केस खालून वर येतात, डावीकडे कानाकडे पळतात, कंठमण्याच्या बाजूला तर चक्क भोवरा. हा मात्र सगळीकडे खालून वर खरवडतो. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस वर ओढतं, मागचं कापतं, आणि तुटलेलं टोक कातडीच्या आत जाऊन बसतं. सरळ केस पुन्हा बाहेर येतो. कुरळा आतच वळतो, कातडीत घुसतो, आणि तिथं पुळी धरते.

“महिनाभर पातं लावू नकोस. ट्रिमरनं मिलिमीटरभर राख.”

“मग क्लीन कसा दिसणार, दादा?”

याला काय सांगावं! मी स्वतः या ‘क्लीन’पायी तोंडघशी पडलोय. नवीन होतो, हळदीच्या दिवशी एका नवरदेवाची दाढी केली. मामा मागे उभे, “घोटून कर, आरशासारखी झाली पाहिजे.” मी सुलटा हात मारला, मग आडवा, मग उलटा, आणि फेस संपला तरी कानाखाली दोनदा कोरडाच. हात फिरवून मामा खूश. दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना नवरदेवाचा गळा डाळिंबासारखा. तो सारखी मान वळवत होता, लोकांना वाटलं लाजतोय. आता नवरदेवांना दोन दिवस आधी बोलावतो. लग्नाच्या सकाळी नुसता सुलटा हात, केसांच्या कलानं.

दीड. डबा. मग तुरटी फोडायचं काम. पूर्वी एकच वडी सगळ्यांच्या गालावर फिरायची, रक्त लागलेली असो नसो. आता बोराएवढे खडे करतो. ज्याच्यासाठी काढला, त्याच्याच हातात देऊन टाकायचा. तुरटीनं कातडी आक्रसते, बारीक चिरेतलं रक्त थांबतं. पण सोलवटलेल्या गालावर घासली तर गाल आणखी कोरडा. हवी तिथं टेकवायची, बस्स.

चार. एकाच्या गालावर गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ. नायट्यासारखा. मेडिकलमधून आणलेलं मलम लावतोय, “आधी बरं वाटलं, आता पसरलं.” तसल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, खाज दबते, नायटा फोफावतो. खुर्चीवरून उठवला. त्वचेच्या डॉक्टरला दाखव, मग ये. दाढीचे पैसे गेले, जाऊ देत.

सात. लोशनची वेळ. झोंबलं नाही तर पैसे फुकट गेले असं मानणारी पिढी अजून आहे. झोंबतं ते त्यातलं अल्कोहोल, ओरखडलेल्या कातडीवर. मी गार पाणी मारतो, टॉवेल घासत नाही, टिपतो, आणि बिनवासाचं क्रीम लावतो. एक काका म्हणाले, “लहान बाळाला लावतात तसलं लावलंस रे.” लावलं खरं.

पावणेनऊ. शेवटचं गिऱ्हाईक, नेहमीचे गुरुजी. दिवसभराची पानं पत्र्याच्या डब्यात टाकून झालीत, झाडायचं तेवढं राहिलंय. गुरुजी गालावर तळवा फिरवतात, मग हनुवटीखाली.

“इथं जरा लागतंय हाताला. एक उलटा हात मार की.”

“गालावर मारतो. गळ्याला नाही.”

“तुझ्या बापानं मारला असता.”

“मारायचे. आणि तुम्ही दोन दिवस मफलर गुंडाळून शाळेत यायचा, मी तुमच्याच वर्गात होतो.”

गुरुजी हसतात. मी ब्रश पुन्हा गरम पाण्यात बुडवतो. गालाला का होईना, उलटा हात मारायचा तर फेस नवा पाहिजे.