मातीच्या ढिगावरची शर्यत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीचा पाया खणला, त्या मातीचा ढीग मैदानाच्या कडेला पडून होता. आसपासची दहा-बारा वर्षांची पोरे त्यावरून सायकली उडवू लागली. जिमखान्याचा उपाध्यक्ष या नात्याने त्यांना हुसकावण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते मी चोख बजावले. जाता जाता एकजण म्हणाला, "सर, ही बीएमएक्स आहे. ऑलिंपिकमध्ये असते." मला ती थाप वाटली. घरी येऊन चाळाचाळ केली तेव्हा कळले की थाप नव्हती. हा लेख म्हणजे एका अर्थी त्या पोरांची मागितलेली माफी आहे.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. 'क्रॉस'ची फुली झाली 'एक्स'. मोटोक्रॉस ही उंचसखल कच्च्या वाटेवरची मोटरसायकलींची शर्यत. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात तिचे भारी वेड. मोठ्यांच्या मोटरसायकली पाहून मुलांचे हात शिवशिवत, पण मोटरसायकल आणणार कोठून? मात्र 'श्विन' कंपनीची 'स्टिंग-रे' नावाची सायकल १९६३ साली बाजारात आली होती. वीस इंची चाके, उंच हँडल, केळ्यासारखे लांबट सीट. मुलांनी तिचे मडगार्ड काढून टाकले, चेनकव्हर काढून टाकले आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत मोकळ्या भूखंडांवर शर्यती लावल्या. (आम्ही भाड्याच्या मोठ्या सायकलीवर नळीखालून पाय घालून तोंडाने फटफटी वाजवीत असू. समुद्र ओलांडला तरी पोरांची जात एकच!)

१९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'पाम्स पार्क'मध्ये रॉन मॅक्लर या तेथील तरुण कर्मचाऱ्याने मुलांना अशी शर्यत भरवून दिली. पण मला खरे नवल वाटते ते पुढच्या वर्षाचे. नोव्हेंबर १९७० मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या मुलाने एका पडीक जागेत शर्यत घेतली. पस्तीसेक मुले जमली. प्रवेश फी पंचवीस सेंट, आणि बक्षिसे म्हणजे मोटोक्रॉसमध्ये त्याने स्वतः मिळवलेले चषक! या संयोजकाचे वय होते १३ वर्षे. त्याच्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरे जोडली की 'बम्स', म्हणजे रिकामटेकडे भटके, असा शब्द होई. नियम, गट, गुण हे सारे या 'रिकामटेकड्यां'नी हळूहळू बसविले.

१९७१ साली 'ऑन एनी संडे' हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या आरंभी सायकलींवर मोटोक्रॉस खेळणारी मुले दिसतात. या चित्रपटातूनच खेळ जन्मला असे अनेकजण लिहितात. मला ते पटत नाही. कॅमेरा पोचण्यापूर्वीच मुले खेळत होती. चित्रपटाने केले ते एवढेच की गावोगावच्या मुलांना एकमेकांची खबर दिली.

मग मोठी माणसे आली. उड्यांनी सायकलींचे चिमटे वाकत, चाकांच्या तारा तुटत. स्किप हेस यांनी तारांऐवजी जाड आऱ्यांचे ओतीव चाक काढले, त्यातून 'मंगूस' कंपनी उभी राहिली. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एक राष्ट्रीय संघटना निघाली, त्याच वर्षी फ्लोरिडात जॉर्ज एसर यांनी दुसरी काढली, १९७७ मध्ये ॲरिझोनात तिसरी. मुले एकाच मातीत खेळत होती आणि वडीलधारे सभासदांसाठी ओढाताण करीत होते. शेवटी २०११ मध्ये उरलेल्या दोन संघटना एक झाल्या. दरम्यान १९७८ च्या सुमारास गेरिट डूस यांनी हा खेळ हॉलंडला नेला, १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९८२ मध्ये ओहायोतील डेटन येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला २००८ साली, बीजिंगला. पहिली सुवर्णपदके लाटव्हियाच्या मारिस श्ट्रोम्बर्ग्स आणि फ्रान्सच्या ॲन-कॅरोलिन शॉसों यांनी जिंकली.

शर्यत पाहावयास फार वेळ लागत नाही. उतारावर फाटक, त्यामागे आठ स्वार. फाटक पडले की तीन-चारशे मीटरचा उंचवट्यांचा आणि कलत्या वळणांचा मार्ग. पाऊण मिनिटाच्या आत निकाल! सायकलीला गिअर एकच. एका फेरीत पडलात तरी दिवस संपत नाही. प्राथमिक फेऱ्या अनेक असतात, आणि क्रमांकांची बेरीज ज्याची कमी तो पुढे जातो. क्लबांच्या शर्यतींत गट वयाप्रमाणे पाडतात, त्यामुळे सहा वर्षांचा सहा वर्षांच्याशीच भिडतो. आमच्या क्रिकेटमध्ये लहानग्याच्या वाट्याला दिवसभर सीमारेषेबाहेरचा चेंडू आणणे येते. येथे राखीव खेळाडू हा प्रकारच नाही, प्रत्येकजण फाटकाशी उभा राहतो. मला वाटते, तेरा वर्षांच्या संयोजकाची खूण या व्यवस्थेत अजून शिल्लक आहे.

जूनमध्ये कंत्राटदाराने ढीग उचलून नेला. मी दोन ट्रक मातीसाठी अर्ज केला आहे. ती 'बांधकाम' सदराखाली घ्यावी की 'क्रीडासाहित्य' म्हणून, यावर कार्यालयात अद्याप विचार चालू आहे. पोरे मात्र रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारून जातात.