टाइपस्क्रिप्टमध्ये शून्य 'खोटं' का ठरतं?

वॉलेटमध्ये खरंच 0 रुपये आहेत, पण ॲप मात्र 'बॅलन्स लोड होतोय' म्हणत नुसतं गोल फिरतंय. हा बग मी स्वतः केलाय. कोड साधा होता: इफ (बॅलन्स) असेल तर आकडा दाखव, नाहीतर लोडर.

घोळ असा, की टाइपस्क्रिप्ट शेवटी जावास्क्रिप्ट होऊनच चालते. तिथे इफच्या कंसात कुठलीही व्हॅल्यू चालते, आणि 0, रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड, एनएएन ही मंडळी फॉल्स धरली जातात. गंमत म्हणजे स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं 'फॉल्स' ट्रू ठरतं, कारण ती स्ट्रिंग रिकामी नाही! रिकामा ॲरेसुद्धा ट्रूच.

मग टाइप कशाला लावले? बॅलन्सचा टाइप होता 'नंबर किंवा अनडिफाइन्ड'. इफच्या आत तो नुसता नंबर उरतो, एवढं कंपायलरला कळतं आणि तो खूश. 0 गुपचूप एल्समध्ये गेला तरी एरर नाही. कोटलिन किंवा जावा इथे कोड कंपाइलच होऊ देत नाहीत, इफला बूलियनच लागतो. मला तेच बरं वाटतं.

उपाय एका ओळीचा: इफ (बॅलन्स !== अनडिफाइन्ड). सर्व्हरकडून नलही येऊ शकत असेल, तर (बॅलन्स != नल) लिहा. त्यात दोन्ही पकडले जातात.