ईयोबाचे पुस्तक

ईयोबाचे पुस्तक हा बायबलच्या जुन्या करारातील ४२ अध्यायांचा ग्रंथ आहे. मूळ हिब्रू भाषेतील या ग्रंथाची गणना ज्ञानपर वाङ्मयात होते. नीतिमान माणसाच्या वाट्याला दुःख का यावे आणि त्या दुःखाचे कारण कळत नसताना देवावर विश्वास कसा ठेवावा, हे त्याचे मुख्य विषय होत. ग्रंथकर्ता अज्ञात असून अनेक अभ्यासक रचनाकाळ इ.स.पू. ६ वे ते ४ थे शतक असा मानतात. ख्रिस्ती धर्मात दुःख आणि ईश्वरी हेतू यांविषयी जे चिंतन झाले, त्याचा हा एक प्रमुख आधार आहे.

कथानक

ग्रंथाचा प्रारंभ व समारोप गद्यात असून मधला मोठा भाग काव्यरूप संवादांचा आहे. ऊस देशातील ईयोब हा सदाचारी व संपन्न गृहस्थ होता. त्याला ७ मुलगे व ३ मुली होत्या. ७,००० मेंढरे व ३,००० उंट असे मोठे पशुधन होते. ईयोबाची भक्ती सुखासाठी आहे, सुख गेले की तीही जाईल, असा आक्षेप सैतान देवासमोर घेतो. देव परीक्षेस अनुमती देतो. एकाच दिवसात ईयोबाचे पशुधन व सर्व अपत्ये नाहीशी होतात. पुढे त्याच्या सर्वांगावर फोड येतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागतो.

अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र सांत्वनासाठी येतात आणि ७ दिवस व ७ रात्री त्याच्याजवळ निःशब्द बसून राहतात.

मित्रांचा युक्तिवाद आणि ईयोबाची तक्रार

ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तेव्हा मित्रांचे मौन सुटते. देव न्यायी आहे, तो पाप्यालाच शिक्षा करतो. म्हणून ईयोबाने काही पाप केलेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नंतर बोलणारा अलीहू हा तरुण दुःखाकडे देवाने लावलेली शिस्त म्हणून पाहतो.

ईयोब हा आरोप मान्य करीत नाही. तो देवाला जाब विचारतो, आपले गाऱ्हाणे त्याच्यासमोर मांडण्याची संधी मागतो. मित्र केवळ देवाविषयी बोलतात. ईयोब मात्र वारंवार थेट देवाशी बोलतो. त्याची तक्रार कितीही तीव्र झाली तरी हा संबंध तो तोडत नाही.

देवाचे उत्तर

३८ व्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या सीमा, नक्षत्रे, रानबकऱ्यांची वीण, ससाण्याचे उड्डाण अशा सृष्टीतील गोष्टींविषयी तो ईयोबाला प्रश्न विचारतो. सैतानाच्या आक्षेपाचा उल्लेख तो करीत नाही. वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक असलेले कारण ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. तरीही देवाची भेट झाल्यावर तो आपले म्हणणे मागे घेतो.

समारोपात देव तिन्ही मित्रांना दोष देतो आणि आपल्याविषयी ईयोबच यथार्थ बोलला, असा निर्वाळा देतो. ईयोब त्या मित्रांसाठी प्रार्थना करतो. त्याला दुप्पट पशुधन मिळते, तसेच पुन्हा ७ मुलगे व ३ मुली होतात. मात्र गेलेली मुले परत आल्याचे ग्रंथ सांगत नाही.

ख्रिस्ती परंपरेतील अर्थ

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (५:११) ईयोबाचा उल्लेख धीराचा आदर्श म्हणून येतो. दुःख हे पापाचेच फळ, हे समीकरण येशूनेही नाकारले आहे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याने त्या माणसाला किंवा त्याच्या आईवडिलांना दोषी ठरवले नाही (योहान ९). शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांहून अधिक पापी होते, हेही त्याने मान्य केले नाही (लूक १३). देव सर्व गोष्टींतून आपल्यावर प्रेम करणाऱ्यांचे कल्याण साधतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (८:२८) म्हटले आहे. त्याच अध्यायात सृष्टीच्या कण्हण्याचाही उल्लेख आहे; म्हणजे हा विश्वास वेदना नाकारणारा नाही.

पोप ग्रेगरी पहिला याने ६ व्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथावर विस्तृत भाष्य लिहिले आणि ईयोबामध्ये ख्रिस्त व ख्रिस्तसभा यांचे प्रतिरूप पाहिले. १३ व्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याचे विवेचन ईश्वरी योजनेविषयीचा वाद म्हणून केले. जॉन कॅल्व्हिन याने १५५४-५५ मध्ये जिनिव्हा येथे ईयोबावर १५९ प्रवचने दिली. पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९८० च्या दशकात हा ग्रंथ निरपराध गरिबांच्या दुःखाच्या दृष्टीने वाचला.

या परंपरेत ईश्वरी हेतूवर विश्वास ठेवणे म्हणजे प्रत्येक दुःखाचे कारण सांगता येणे, असा अर्थ अभिप्रेत नाही. शोकग्रस्तापुढे असे कारण ठामपणे मांडणे हीच मित्रांची चूक होती. ते ७ दिवस गप्प बसून राहिले, तेवढाच काळ त्यांची सोबत ईयोबाला जाचक झाली नाही, असे अनेक भाष्यकार दाखवून देतात.