उपग्रहाचे उष्णता-नकाशे आणि कात्रजचें तळें

मोजणीच्या नकाशाची नक्कल दुप्पट मोठी करून घेतली म्हणून गटाची हद्द अधिक अचूक होत नाहीं, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. पाण्याच्या उष्णतेचे जे नकाशे उपग्रहांवरून हल्लीं विनामूल्य मिळतात, त्यांसहि हेंच लागू आहे. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. म्हणून शेततळ्यांत मासे पाळणारांस हे नकाशे हवेसे वाटणें साहजिक आहे. परंतु त्यांवर विसंबून मासळी अकालीं काढली, तर नुकसान धन्याचें.

अमेरिकेचे लँडसॅट ८ (२०१३) व लँडसॅट ९ (२०२१) मिळून दर आठ दिवसांनीं एका स्थळावरून जातात. त्यांचा नकाशा ३० मीटरच्या, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांच्या चौकोनांचा दिसतो. यंत्राची खरी मोजणी मात्र १०० मीटरची, म्हणजे जवळजवळ अडीच एकरांची. लहान चौकोन मागाहून पाडलेले आहेत.

कात्रजचें तळेंच घ्या. पेशव्यांनीं येथून शनिवारवाड्यापर्यंत नळानें पाणी नेलें. खालचें तळें आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारांत असून त्याचा विस्तार सुमारें ४२ एकर आहे. त्याच्या काठावरील चौकोनांत कांहीं पाणी व कांहीं जमीन येते. उपग्रह जातो तो सकाळीं अकराच्या सुमारास; त्या वेळीं चैत्रांतील उघडी जमीन पाण्याहून पुष्कळ तापलेली असते, आणि सरासरींत पाण्यासच विनाकारण ताप चढतो! जलपर्णी माजली असल्यास यंत्र पाण्याऐवजीं पानांची उष्णता मोजतें.

यावर उपाय आहे. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहाचीं दृश्य प्रकाशांतील चित्रें १० मीटरचीं असतात. त्यांवरून काठ आखावा, प्रत्येक चौकोनांतील पाणी व जमीन यांची फोड करावी, आणि जमिनीचा वांटा वजा घालावा. शेतांत हिरवळीवरून उष्णतेचा अंदाज बांधून नकाशा बारीक करतात, ती युक्ति मोकळ्या पाण्यावर चालत नाहीं. उन्हाळ्यांतील नदीच्या अरुंद धारेंत तर निव्वळ पाण्याचा चौकोन सांपडणेंच कठीण. अरुंद खाड्यांचीहि तीच गत. भारत व फ्रान्स यांनीं मिळून आखलेल्या त्रिष्णा उपग्रहाची मोजणी सुमारें ६० मीटरची योजिली आहे, तरी काठाचा प्रश्न उरतोच.

शिवाय उपग्रहास दिसते ती पाण्याची केवळ वरची साय. म्हणून तळें ज्याचें त्यानें उपग्रह येण्याच्या दिवशीं, त्याच वेळीं, काठापासून दूर हातभर खोल तापमापक धरून अंश टिपून ठेवावा आणि मग नकाशाशीं ताडून पाहावा.