हाकणारा कुत्रा, राखणारा कुत्रा

बंगळुरूच्या येलहंक्याहून दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याला लागलं की नव्या इमारतींच्या पलीकडे अजूनही मेंढरांचा कळप रस्ता ओलांडताना आडवा येतो. गाड्या भोंगे वाजवतात, मेंढरं एकमेकांना बिलगतात. मेंढपाळ मात्र पुढे चालत राहतो, तोंडाने एक ठरावीक आवाज काढतो आणि कळप त्याच्यामागे निघतो. मागे राहिलेलं कुत्रं कोणाच्याही अंगावर जात नाही. त्याच परिसरातल्या गृहसंकुलांत बॉर्डर कॉली पाळण्याची हौस वाढते आहे. जगातला सर्वांत निष्णात मेंढी-हाक्या कुत्रा तिथे गच्चीवर फेऱ्या मारतो, आणि मेंढरं मात्र गावठी कुत्र्याच्या सोबतीने फिरतात. मला यात विसंगती दिसत नाही. इथल्या मेंढपाळाला हवा तसा कुत्रा मिळालेला आहे, आणि तो तसाच का हवा, हे समजून घेण्यासारखं आहे.

बॉर्डर कॉलीचं काम शिकाऱ्याचं आहे. लांडगा भक्ष्य हेरतो, नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो, चावतो, मारतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीतली नजर, दबा आणि पाठलाग ठेवला, चावा दाबून टाकला. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली या कुत्र्यांची स्पर्धा भरली. पुढे १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फरकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. तो शांत होता, भुंकत नसे. मेंढ्या त्याच्या नजरेनेच हलत.

कुत्रा असो वा माणूस, हाकण्याचं शास्त्र एकच. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. त्याच्या आत कोणी शिरलं की जनावर सरकतं, बाहेर पडलं की थांबतं. खांद्याच्या मागून जवळ गेलं तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलं तर मागे वळतं. गाय-मेंढीला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त पाठीमागची चिंचोळी पट्टी अंध असते. नेमकं तिथून कोणी धावत आलं की ती उधळते. अमेरिकेतले बड विल्यम्स आणि टेम्पल ग्रँडिन यांनी ही गोष्ट गोठ्यापासून कत्तलखान्यापर्यंत शिकवली. दाब द्यायचा आणि जनावर हवं तसं हललं की लगेच काढून घ्यायचा. काढून घेणं हे त्याचं बक्षीस. बहुतेक माणसं इथेच चुकतात; जनावर चालू लागलं तरी मागून काठी चालूच ठेवतात. त्याचा तोटाही रोकडा असतो. घाबरलेल्या गाईच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं, पान्हा सुटत नाही आणि दूध कासेतच राहतं.

म्हणून कुत्रा आणण्याआधी माणसाने स्वतः, हातात काही न घेता, पाच-दहा मेंढ्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न पळवता न्यायला शिकावं. जे माणसाला जमत नाही ते तो कुत्र्याला सांगणार कसं?

दख्खनच्या मेंढपाळाला ते जमतं, फक्त त्याची रीत वेगळी आहे. माण, खटाव, फलटणकडचे धनगर पावसाळा सरला की कोकणाच्या दिशेने उतरतात, वाटेत शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. घोड्यावर बिऱ्हाड, जाळीच्या वाघरीत कोकरं, सोबत कुत्री. उभ्या पिकांच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर कळपाला मागून दामटलं तर तो शेतात घुसतो आणि भांडण होतं. त्यापेक्षा कळपाला माणसामागे यायला शिकवणं सोपं. सांगली-कोल्हापूरकडे दिवाळीच्या पाडव्याला बकरी बुजवण्याचा सोहळा होतो, पण तो सणाचा. एरवी वर्षभर मेंढरं बुजू नयेत हीच मेंढपाळाची धडपड.

मग कुत्र्याला उरतं राखणीचं काम, आणि त्यासाठी स्वभाव अगदी उलटा लागतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने अमेरिकेत युरोप-तुर्कस्तानातली राखणीची कुत्री शेतांवर देऊन त्यांचा अभ्यास केला. त्यांनी तीन गुण पाहिले: कळपाशी इमान, कळपाकडे लक्ष, परक्याला अडवण्याची तयारी. पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत मेंढरांत वाढलं तर त्यांनाच आपलं मानतं. पाठलागाची ओढ जितकी कमी, तितका राखण्या चांगला. म्हणूनच मुधोळ, आपल्याकडचा कारवानी, मेंढरांमागे ठेवायला शोभत नाही. तो धावून शिकार करणारा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेल्या या जातीसाठी तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे, लष्करानेही ती घेतली. तिचं कौतुक जरूर व्हावं, पण कोकरू पळालं की तिच्यातला शिकारी जागा होतो.

खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रा असतो, हे धनगर विसरत नाहीत. तरी कळपासोबतच्या कुत्र्याची निगा हा दुबळा भाग आहे. मेलेल्या मेंढीचं डोकं कच्चं खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात एक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात आणि मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते. अशी मेंढी एकाच बाजूला गोल फिरू लागते, शेवटी मरते. कळप राखणारा कुत्राच असा कळपाचा वैरी ठरतो. जंताचं औषध वेळेवर आणि मेलेलं जनावर खोल पुरणं, एवढ्याने हे टळतं.

कुत्र्यांमुळे दुसरा धोका लांडग्याला आहे. येलहंक्याजवळच्या जक्कूर भागातल्या ‘ॲट्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारातल्या ‘एनसीबीएस’ या जीवविज्ञान संशोधन संस्थेने ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ या संस्थेसोबत पुणे परिसरातल्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये मांडला. माळावरच्या मोकाट कुत्र्यांबरोबरच मेंढपाळांच्या कुत्र्यांचीही नसबंदी आणि लसीकरण हवं. २०१९ च्या पशुगणनेनुसार कर्नाटकात सुमारे १ कोटी ११ लाख, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्या लसीकरणाच्या मोहिमा होतात. त्याच फेरीत पशुवैद्यकाने कळपासोबतच्या कुत्र्यालाही रेबीजची सुई आणि जंताची गोळी द्यावी, आणि त्यासाठी धनगराला दवाखान्यापर्यंत बोलावण्याऐवजी त्याच्या वाटेवरच्या मुक्कामी जावं.