गूगल फॉर्मवर सर्व्हे करताय? मग आधी हे वाचा

फॉर्म बनवला, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, ५०० उत्तरं आली. झाला सर्व्हे? नाही! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कामात युजर सर्व्हेचा डेटा बघतो. किती जणांनी भरला यापेक्षा कोणी भरला, हे मी आधी तपासतो.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवली. २० लाखांहून जास्त उत्तरं आली. अंदाज निघाला, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली! कारण पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे असणार? शिवाय पत्र मिळालेल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही.

आपल्याकडेही हेच होतं. 'घरी इंटरनेट आहे का?' हे ऑनलाइन फॉर्मवर विचारलं तर जवळपास सगळे 'हो' म्हणणार. त्यावरून कॉलेजने क्लास ऑनलाइन केले, तर ज्याच्याकडे नेटच नाही तो बाहेर राहिला आणि आकड्यांत दिसलाही नाही.

मग करायचं काय?

१. आधी पूर्ण यादी घ्या. समजा, कॉलेजमध्ये ३००० विद्यार्थी आहेत. गूगल शीटमध्ये प्रत्येक नावापुढे रँड फंक्शनने आकडा टाका, त्यानुसार सॉर्ट करा आणि पहिली ४०० नावं निवडा. अशा रँडम सॅम्पलमध्ये चूक बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आत राहते.

२. निवडलेल्यांनी उत्तर दिलं नाही तर फोन करा, प्रत्यक्ष भेटा. त्यांच्याऐवजी समोर दिसेल त्याला पकडू नका.

३. प्रश्न सरळ ठेवा. 'कॅन्टीन छान आहे ना?' यात उत्तर आपणच सुचवतोय. 'जेवण चांगलं आणि स्वस्त आहे का?' हे दोन प्रश्न आहेत, वेगळे विचारा.

४. आधी ५-१० जणांकडून फॉर्म भरून घ्या. कुठे अडतात ते लगेच कळतं.

५. गरज नसेल तर मोबाइल नंबर मागू नका. नाव द्यावं लागलं की लोक खरं लिहायला कचरतात.

रिझल्ट दाखवताना किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे दोन्ही लिहा. दुसऱ्या कोणाचा सर्व्हे फॉरवर्ड होऊन आला, तर त्यातही आधी हेच शोधा.