एल्फिन्स्टन रोड ते प्रभादेवी : एका पुलाची गोष्ट

मित्रांनो, लोकलने प्रवास करताना तुम्ही रेल्वेचा पादचारी पूल कितीतरी वेळा ओलांडला असेल. पण तो पूल किती रुंद असावा, हे कशावरून ठरतं, असा विचार कधी केलात का? आज एका स्टेशनाची गोष्ट ऐका, म्हणजे हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळेल.

मुंबईत पश्चिम रेल्वेने दादरहून चर्चगेटकडे निघालं, की पहिलं स्टेशन लागतं प्रभादेवी. त्याला अगदी खेटून मध्य रेल्वेचं परळ स्टेशन आहे. प्रभादेवीचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचं हे नाव. एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव मात्र त्यांच्या काकांवरून, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून पडलं. प्रश्नमंजूषेत विचारलं तर गोंधळू नका हं!

हा सगळा भाग गिरणगावचा. आजूबाजूला कापडाच्या गिरण्या आणि कामगारांच्या चाळी. भोंगा वाजला, की कामगार चाळीतून निघायचे आणि चालतच गिरणी गाठायचे. कामाला जायला अनेकांना गाडीची गरजच नव्हती. तुमच्या आजोबांनी गिरणीत काम केलं असेल, तर त्यांना विचारा. ते भोंग्याच्या वेळासुद्धा सांगतील!

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. ज्युपिटर मिल, एल्फिन्स्टन मिल यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. त्यात हजारो लोक नोकरीला येऊ लागले. पण ते काही शेजारच्या चाळीत राहणारे नव्हते. कुणी बोरिवलीहून यायचं, कुणी विरारहून, कुणी डोंबिवलीहून. म्हणजे सगळे लोकलनेच! वस्ती बदलली, गर्दी वाढली, पण परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणारा पूल तेवढाच अरुंद राहिला. प्रवासी तक्रारी करत होते, नवा पूल मागत होते.

आणि मग २९ सप्टेंबर २०१७ उजाडला. वार शुक्रवार, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास अचानक जोराचा पाऊस आला. छत्री नसलेले लोक पुलाच्या जिन्यावरच आडोशाला थांबले. इकडे गाड्या येतच होत्या आणि माणसं पुलावर चढतच होती. पुढचा हलेना, मागचा थांबेना. चौकशीच्या वेळी एका जखमी प्रवाशाने सांगितलं, की कुणीतरी हिंदीत ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि लोकांना ऐकू आलं ‘पूल गिर गया’! त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. कामावर निघालेली, सणाच्या तयारीतली माणसं होती ती.

चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवली जातात, असं आपल्याला वाटतं. पण बरेचदा उभ्या माणसाचाही श्वास कोंडतो. चारी बाजूंनी इतका दाब येतो, की छाती फुगवायला जागाच उरत नाही. अशा गर्दीत कुणी मुद्दाम ढकलत नसलं, तरी लाटेसारखा रेटा येतो.

त्यानंतर मात्र चक्रं भराभर फिरली. नवा पूल बांधायला चक्क लष्कराला बोलावलं! लढाईच्या वेळी नदीवर झटपट पूल उभारणारे ‘बॉम्बे सॅपर्स’चे जवान आले. तयार पोलादी भाग एकमेकांना जोडून त्यांनी पूल उभा केला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. पाच महिन्यांच्या आत! त्याच वर्षी जुलैमध्ये स्टेशनाला प्रभादेवी हे नाव मिळालं, ते इथल्या देवीच्या जुन्या देवळावरून. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या परळहून लोकल सुटू लागल्या.

हे सगळं पाहून मनात येतं, जो पूल पाच महिन्यांत होऊ शकतो, तो आधीच का नाही झाला? मित्रांनो, तुमच्यातले काही जण पुढे इंजिनिअर होतील, काही अधिकारी होतील. तेव्हा नकाशावर पूल आखताना नुसतं अंतर मोजू नका, माणसंही मोजा. आज आहेत तेवढीच नाही, उद्या येणारी सुद्धा!

तोवर एवढं लक्षात ठेवा. पुलावर, जिन्यावर थांबू नका, पाऊस आला तरी! गर्दीत सापडलात, तर दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहील. रेट्याच्या उलट जोर लावू नका, तिरकं सरकत कडेला या. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. ऐकलेली गोष्ट खरी की खोटी हे कळल्याशिवाय ओरडू नका. आणि गर्दी फार असेल, तर खुशाल एक गाडी सोडा. शाळेत उशीर झाला, तर बाई फार तर रागावतील. घरी आई-बाबा वाट बघत असतात, ते जास्त महत्त्वाचं, नाही का?